भरलेले हंडे

आमच्या वाडीच्या सभेत खुर्चीवर अध्यक्ष बसत नाहीत, त्यांचा फोन बसतो. हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. त्यात हसण्यासारखं काही आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

वाडी राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या रस्त्यापासून बरीच आत आहे. एकोणतीस घरं, सगळी बौद्ध. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईत असतात. माझे बाबा तिथे एका सोसायटीत वॉचमन आहेत. अध्यक्ष म्हणजे माझे चुलतकाका, तेही तिथेच. वाडीचं जे काही ठरतं ते रविवारी मुंबई शाखेच्या खोलीत ठरतं, आणि मग गावाला फोन येतो. समाजमंदिरात प्लास्टिकची एक लाल खुर्ची आहे. तिच्यावर फोन ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि समोर चटईवर बायकांनी बसायचं. शेजारची काकी तर फोन वाजला की पदर डोक्यावर घेते.

दीड वर्षापूर्वी वाडीत नळपाणी योजना येणार असं ठरलं. रत्नागिरीतली एक संस्था ती राबवणार होती आणि निधी परदेशातून येणार होता. त्या निधीचे काही नियम होते. पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात. बायका नसतील तर सभा धरली जाणार नाही. इतिवृत्ताच्या छापील कागदावर एक रकाना होता, ‘महिलांचे म्हणणे (त्यांच्याच शब्दांत)’. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली आणि त्या वर्षी वाडीत येऊन-जाऊन असलेली अशी मी एकटीच.

पहिली सभा अर्ध्या तासात संपली. काका फोनवरून म्हणाले, “योजना आपल्या विहिरीवरच करायची. आपल्या आजा-पणजांनी जांभा दगड फोडून खोदलेली विहीर आहे ती. गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते तेव्हा खोदलेली. तिचं पाणी घरोघर जाऊ दे. कुणाची काय हरकत?”

चटईवर एकोणीस बायका होत्या. कुणी काही बोललं नाही. एकीने बांगड्या मागे सारल्या. माझी आई दाराबाहेर बघत होती.

“मग लिही गो,” काका म्हणाले.

मी रकान्यात लिहिलं, ‘महिलांनी संमती दर्शविली.’ अक्षर छान आलं होतं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि सोमवारी रत्नागिरीला कॉलेजला परतल्यावर कागद संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिला.

खरं सांगायचं तर शिमगा झाला की त्या विहिरीत पाणी राहत नाही, हे मला माहीत होतं. दहावीपर्यंत मी स्वतः आईबरोबर सडा, म्हणजे वरचं उघडं कातळपठार, ओलांडून पलीकडच्या झऱ्यावर जात होते. तरीही मी ते वाक्य लिहिलं. का लिहिलं, याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. इतिवृत्त असंच लिहितात असं वाटलं असावं. समाजशास्त्राच्या पेपरात ‘लिंगभाव समानता आणि विकास’ यावर मी आठ गुणांचं उत्तर लिहिलं होतं, आणि ते चांगलंही गेलं होतं.

चार दिवसांनी कार्यालयातल्या ताईंनी मला बोलावलं. कागद त्यांच्यासमोर होता.

“‘संमती दर्शविली’ असं तुमच्या वाडीत कोण बोलतं गं?”

“कोणी नाही.”

“मग हे शब्द कोणाचे?”

“माझे.”

“हो ना? पण तुझ्यासाठी इथे रकाना नाहीये.”

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “हा कागद मी इंग्रजीत करून पाठवते. तिकडे सगळ्यात आधी हाच रकाना वाचतात. पूर्वी त्यात किती बायका आल्या एवढंच विचारायचे. मग लक्षात आलं, बायका येतात, बसतात, उठून जातात आणि नळ भलत्याच ठिकाणी लागतो. म्हणून शब्द मागायला लागले. उद्या तुमचा नळ कोरडा राहिला तर तो तुझ्या या तीन शब्दांमुळे राहील.”

मी विचारलं, “पण त्या सभेत बोलतच नाहीत, ताई. मी काय करू?”

“कुठे बोलतात?”

मी विचार केला. “पाण्यावर.”

“मग तिथे घे सभा. पण लवकर. महिनाअखेर जागा ठरली की आराखडा निघेल. मग कोणाला बदलता येणार नाही.”

शनिवारच्या एसटीने मी घरी गेले. आई पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागले.

“आये, त्या दिवशी तू का नाही बोललीस?”

“कुणाशी? खुर्चीशी?”

“विहीर आटते ते त्यांना माहीत नाही का?”

“कसं असंल? मे महिन्यात येतात तवा घरात हंडे भरलेले असतात.” तिने एक किडकी शेंग अंगणात फेकली. “तुझे बाबा उठायच्या आत माझ्या दोन खेपा झालेल्या असतात. वर्षातनं दहा दिवस येणाऱ्या माणसाला काय रिकामा हंडा दाखवायचा?”

“त्यांना कधी सांगितलंच नाहीस?”

“त्यांनी कधी विचारलं?” आणि थोड्या वेळाने, जरा हळू, “आमच्या घरात पाणी नाय असं कुणी म्हणू नये, एवढंच बघत आली मी.”

हे फक्त आमच्या घरात नव्हतं. एकोणतीस घरांतल्या बायका मे महिन्यात पहाटे उठून हेच करत होत्या. प्रत्येकीला आपल्या भरलेल्या हंड्यांचा अभिमान होता, आणि त्या हंड्यांमागेच कोरडी विहीर लपून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही विहिरीवर जमलो. फोन मी कठड्यावर ठेवला.

“आवाज घुमतोय,” काका म्हणाले. “कुठं आहात तुम्ही?”

“विहिरीवर,” मी म्हणाले.

“सभा विहिरीवर? समाजमंदिर पडलं काय?”

काकी पदर न घेताच म्हणाली, “मंदिर हाय जाग्यावर. पण भावोजी, आज तुमची खुर्ची नाय आणली.”

बायका हसल्या. फोनमधूनही कुणीतरी हसलं. तेवढ्यात आईने दोर हातात घेतला आणि काही न बोलता बादली विहिरीत सोडली. खालून दगडावर आपटल्याचा ठण्ण आवाज आला.

“काय पडलं?”

“बादली,” आई म्हणाली.

“पाण्यात पडल्यासारखी नाय वाटली.”

“पाणी असतं तर वाटली असती.”

मग काका म्हणाले, “हे कधीपासून?”

“कैक वर्षं झाली. शिमगा झाला की आटते.”

“पण वहिनी, मे महिन्यात तर घरात पाणी असतं!”

यावर बायका इतक्या हसल्या की काकीला कठड्यावर टेकावं लागलं. आई हसली नाही. ती म्हणाली, “असतं ना. ते कुठनं येतं ते आज ऐका. फोन बंद करू नका.”

तिने कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवली, वर हंडा घेतला आणि ती चालायला लागली. मी फोन हातात धरून तिच्यामागे निघाले, आमच्यामागे बाकीच्या बायका. सड्याच्या वाटेवर रेंज चांगली असते, त्यामुळे फोन तुटला नाही. काजूच्या बागेतून जाताना वाळका पाला पायाखाली मोडत होता. चढण लागली तसं आमचं बोलणं थांबलं. मुंबईतल्या त्या खोलीत सात-आठ माणसं असतील. त्यांना आमच्या चपला ऐकू येत होत्या, आणि धापा.

“अजून किती?” हा बाबांचा आवाज होता. बाबा सभेत कधी बोलत नाहीत.

“अजून सडा ओलांडायचाय,” आई म्हणाली.

नंतर पुन्हा बाबा म्हणाले, “हे रोज?”

“दोनदा. तुम्ही आलात की चारदा.”

मी दोनदा स्क्रीनकडे बघितलं, फोन कट झाला की काय म्हणून. चालूच होता.

झऱ्याशी पोचल्यावर आईने फोन माझ्याकडून घेतला आणि कातळातून पडणाऱ्या धारेजवळ धरला. ती धार करंगळीएवढी असेल, पण आमच्या आठवणीत ती कधी आटलेली नाही. जागा ग्रामपंचायतीची, वाडीपेक्षा उंचावर, म्हणजे पाणी उताराने खाली येऊ शकतं. आई म्हणाली, “हे बाराही महिने असतं.”

काकांचा आवाज बदलला होता. “वहिनी, पण ती विहीर आज्यांची आहे. लोक म्हणतील, ह्यांनी आज्यांची विहीर टाकली.”

मला वाटलं, आता आई गप्प बसेल. तिने हंडा धारेखाली लावला.

“आम्ही ती बुजवणार नाय, भावोजी. पण आज्यांनी ती नावासाठी नाय खोदली, पाण्यासाठी खोदली. ते आज असते तर पहार घेऊन इथं आले असते.”

हंडा भरत आल्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, “लिही गो बाय. झऱ्यावर.”

मी तिथेच दगडावर बसून लिहिलं. रकान्यात आईचं ‘पाण्यासाठी खोदली’ हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, ‘नाय’ला ‘नाही’ केलं नाही. कागद गुडघ्यावर होता, म्हणून अक्षर पहिल्या वेळेपेक्षा वाईट आलं. जागा पाहायला इंजिनिअर आले, त्यांनी पाणी मोजलं, आणि आराखड्यात झराच आला.

गेल्या वर्षी संस्थेचा नवा छापील कागद आला. त्यात एक सूचना वाढली आहे. उन्हाळ्यातली एक सभा जिथून पाणी आणतात तिथे घ्यावी, असं लिहिलं आहे. मी ताईंना विचारलं, हे आमच्यामुळे का? त्या म्हणाल्या, “थोडंसं.” परदेशात बसून हे नियम लिहिणारी माणसं कोण असतात, मला माहीत नाही. त्यांचा एक रकाना नसता तर मी आईला कधी विचारलं नसतं, हे खरं आहे. आणि आईने बादली सोडली नसती तर त्यांना काय कळणार होतं, हेही खरंच आहे. झऱ्यावर लिहिलेल्या त्या इतिवृत्ताची झेरॉक्स माझ्या कॉलेजच्या फाइलमध्ये आहे. मैत्रिणींना मी ती दाखवते आणि माझ्या आईचं वाक्य आहे असं सांगते.

सभा झाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईकर आले. पाइप यायला अजून वेळ होता. बायकांनी आपसात ठरवलं होतं, पण मलाही सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी काका नेहमीप्रमाणे आमच्या पडवीत चहाला आले. बाबा आधीच तोंड धुवायला पाणी शोधत उभे होते.

“वहिनी, चहा?”

“चहाचं पाणी अजून झऱ्यावर हाय, भावोजी,” आई म्हणाली आणि दोन रिकामे हंडे पुढे सरकवले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हंडे उचलले. परत आले तेव्हा ऊन वर आलं होतं. काकांचा शर्ट खांद्यापासून भिजलेला होता आणि हंडा अर्धा. शेजारच्या घराच्या दारात काकी उभी राहून खुशाल बघत होती. आईने त्यातलंच पाणी टोपात ओतलं आणि चहा ठेवला.

काका खांदा चोळत पायरीवर बसले. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, “उद्या किती वाजता उठायचं, वहिनी?”

“चारला,” आई म्हणाली. “आणि चुंबळ घेऊन जा.”