फळ्यावरचं गाव
बाजारात सुक्या मासळीचा वास आला की मला नाशिक रोडच्या शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवतो. भूगोलात मी बेटं शिकवत होते. एका मुलीचे वडील जहाजावर नोकरीला आणि आई फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरची, म्हणून मी तिच्या आईलाच वर्गात बोलावलं. मुलीने मैत्रिणींना आई गोव्याची म्हणून सांगितलंय, हे मला ठाऊक नव्हतं. आईने दाखवायला वाळवलेले मासे आणले होते. पिशवी उघडताच पोरं नाकं दाबून हसली आणि मुलीने मान खाली घातली. आईने मात्र शांतपणे खडू घेऊन आपलं गाव काढलं: समुद्र, नदीचं मुख, नारळी, दगडी चर्चचा बुरूज. "पूर्वी लुटारू होडीतून यायचे. बुरुजावर घंटा वाजली की सगळे डोंगरावर पळायचे," ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. मग किनाऱ्यालगत घरं काढली आणि लगेच तळहाताने पुसून टाकली. "हे आता नाही. वादळात समुद्राने नेलं." मुलगी उभी राहिली. "आई, त्यात आजीचं घर होतं?" "होतं. आजी वाचली. आता डोंगरावर राहते." मुलगी फळ्यापाशी गेली, आईच्या हातातला खडू घेतला आणि विचारलं, "कुठे?" आईने बोट ठेवलं, तिथे तिने घर काढलं. मुलीला न विचारता तिच्या आईला बोलावलं ही माझी चूकच, असं आता निवृत्तीनंतर वाटतं. पण ते घर मी आठवडाभर कुणाला पुसू दिलं नाही.