एकाच्या खाली काय जायचं

“आयुष्यभर हा वास घेऊन हजारातल्या चौघांना कॅन्सर झाला तर चालवून घेऊ, असं मालकांचा माणूस म्हणाला. मी अडून बसलो. शेवटी एकावर सौदा ठरला. जन्मात पहिल्यांदा घासाघीस जमली बघ मला.”

हा गडी बुटांचे सोल चिकटवतो. सोल्युशनची वाफ हवेत किती चालेल, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीवर कामगारांतर्फे त्याला बसवलंय. सगळ्यांत धड सदरा आपलाच होता म्हणून नेलं, हे तो स्वतःच सांगत सुटतो. बायको शेजारीच बसून सोल चिकटवत होती.

“शून्य का नाही मागितलंत?”

“शून्य हवं तर सोल्युशन बंद करा, म्हणाले. मग खायचं काय? आधी किती माणसं गेलेली चालतील ते ठरवतात, मग त्यावरून वाफेचा आकडा काढतात. शेजारच्या देशात तर दहा हजारात एक ठरलाय म्हणे.”

“मग तुम्ही हजारावरच का थांबलात?”

“मला वाटलं, एकाच्या खाली काय जायचं.”

“बाजारातही तुमचं हेच. भाव पाडता, माप बघत नाही. आणि तो एक आपल्या दोघांतलाच निघाला तर?”

त्यानं कपाळावर हात मारला. हाताचं सोल्युशन कपाळाला लागलं.

“सह्या उद्या आहेत. परत भांडतो.”

“भांडा. आणि आधी माप विचारा.”

तिच्या पुढ्यातला सोल्युशनचा उघडा डबा त्यानं खिडकीत नेऊन ठेवला आणि पुढचा बूट ओढला.