पंपवाल्या मामूंचं ऑपरेशन

यंत्रांवर जगणारा आणि यंत्रांवर एवढा अविश्वास असणारा माणूस आमच्या पंपवाल्या मामूंखेरीज उभ्या कळंब तालुक्यात सापडायचा नाही. लेकीच्या लग्नात आहेरात आलेला पंखा त्यांनी मांडवातच खोलून बघितला. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मोटारीला पेचकस टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि रोग सांगायचा. स्वतःचा रोग मात्र त्यांनी सहा वर्षं घरात कुणाला सांगितला नाही. साखरेच्या आजारानं पुरुषपण गेलं, तशी त्यांनी गुपचूप ओसरीवर बाज टाकली. आत उकडतं म्हणायचे, थंडीतसुद्धा.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि बायकोला घेऊन या म्हणाले. मामू मला घेऊन गेले. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत समजावलं: आत बसवायचा एक प्रकार वाकवता येणाऱ्या कांड्यांचा, दुसरा पाण्यावर चालणाऱ्या बारक्या पंपाचा, एकदा बसवलं की पहिल्यासारखं आपोआप काही होणार नाही, आणि साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही, जखम चिघळते. तोवर मामूंनी टेबलावरचा नमुना खोलला होता.

"व्हॉल्व्ह चांगलाय," ते म्हणाले. "बिघडला तर कोण खोलणार?"

"मीच," डॉक्टर म्हणाले.

मामूंचं तोंड उतरलं.

साखर उतरायला पाच महिने लागले. घरी त्यांनी हर्निया सांगितला होता, पण हे मला सांगायचं राहिलं. आणि न विचारता बोलायची माझी खोड जुनी. चहा पिता पिता मी मामींना धीर दिला, की गुडघ्याची ऑपरेशनं हल्ली अगदी सोपी झालीत. मामींनी बशी खाली ठेवली. मामूंनी चटकन पोट धरलं, मग गुडघा. मग भिंतीकडे बघत सगळं खरं सांगून टाकलं.

"मला वाटलं, तुमाला माझी किळस आली," मामी एवढंच म्हणाल्या.

मी इतक्या घाईनं उठलो, की मामूंच्याच चपला घालून घरी आलो.

ऑपरेशन झालं. पंप झकास चालतो, असं डॉक्टर म्हणतात. जखम भरून काही महिने झाल्यावर मी दुकानात हळूच विचारलं. मामूंनी कानाचा पेचकस काढला.

"मशीनची तक्रार न्हाय. पर सहा वर्षं भाईर निजलेल्या माणसानं आत जाऊन पयलं काय बोलायचं, ते मला ठाव न्हाय."

परवा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ओसरी मोकळी होती. बाज उंबऱ्याच्या आत आली होती. अजून दाराला खेटूनच, पण आत.