डोंगरावरची उपकारस्तुती

जूनमध्ये एका मंगळवारी सकाळी साडेसहाला माझी बायको स्वयंपाकघरात पडली. सात वाजून दहा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. आठ वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मी मुलीला सांगितलं, ऑफिसला कळवलं, मग चर्चला फोन केला.

चर्चला फोन करणं ही माझी चूक होती. नऊ वाजता चर्च आमच्या कोलकात्यातल्या, बेहालाच्या दोन खोल्यांत शिरलं आणि पुढचे दहा दिवस बाहेर पडलं नाही. त्यांनी लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणल्या, आलूदम आणलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. प्रत्येकाने माझा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं की ती आता अधिक चांगल्या जागी आहे. तिला हीच जागा पुरेशी चांगली वाटत होती. आदल्याच दिवशी तिने खिडकीचे पडदे धुतले होते. पण मी असलं काही बोलत नाही. मी मान हलवतो. वीस वर्षं मी या मंडळींसमोर मान हलवत आलो आहे.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझी सॉल्ट लेकच्या एका सरकारी कचेरीत बदली झाली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. इथली मराठी माणसं गणपतीत भेटत, आम्हाला आवर्जून बोलावत, आम्हीही जात असू. पण रविवार मोकळा होता, आणि बायकोला मोकळा रविवार सहन होत नसे. तिने हे चर्च शोधलं. उपासना इंग्रजीत, गप्पा बंगालीत, जेवण कुणाच्याही घरी. दोन महिन्यांत ती सगळ्यांची दीदी झाली. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोतीबिंदू, कुणाच्या सुनेचं रुसणं, सगळं आमच्या घरी येऊ लागलं. मी आतल्या खोलीत वाचत बसायचो आणि भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकायचो. इतक्या कमी कारणासाठी इतकं हसणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

दुर्गापूजेच्या सुट्टीत ही मंडळी कालिंपाँगला जात. चाळीस जण, तेच गेस्टहाउस, तीच खिचडी, तीच अंताक्षरी. जीप पहिला घाट चढली की पुरुष माकडटोप्या चढवत. ऑक्टोबरातलं ऊन असायचं, आणि ही माणसं ध्रुवावर निघाल्यासारखी. संत्री सोलत, उलट्या करत, पुन्हा संत्री सोलत. वाटेत धबधबा लागला की सगळे उतरून त्याच्याकडे पाठ करून उभे राहत आणि फोटो काढत.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर उपकारस्तुती व्हायची. रिंगण करून उभं राहायचं आणि ज्याने त्याने आपल्या मातृभाषेत वर्षभराबद्दल देवाचे आभार मानायचे. कांचनजंगा दिसला तर आभार, ढगात असला तरी आभार. देवाला चुकायला जागाच ठेवलेली नव्हती.

मराठी कळणारे आम्हीच. म्हणून बायकोने दुसऱ्याच वर्षी एक पद्धत काढली. डोळे मिटून, अगदी गहिवरल्या आवाजात ती म्हणायची, "हे दयाळू बापा, या माणसाने काल चहात साखर कमी म्हणून वेटरला छळलं, त्याला क्षमा कर. तीन दिवस हाच शर्ट अंगात आहे, ते तुला दिसतंच आहे. परतीच्या गाडीत तरी पुस्तक मिटून चार माणसांशी बोलायची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागते." चाळीस जण म्हणायचे, "आमेन." एक म्हातारी दर वर्षी डोळे पुसायची. मी ओठ चावून उभा राहायचो. त्या सहलीत मला आवडलेली गोष्ट तेवढीच. बाकी सगळी मी तिच्या त्या दोन मिनिटांसाठी सोसत होतो, हे तिला मी कधी सांगितलं नाही.

यंदा मी जाणार नव्हतो. पण सप्टेंबरात मुलीला बंगळूरला नोकरी मिळाली. इथे सेक्टर फाइव्हमध्ये तिची नोकरी होतीच. ऑक्टोबरअखेरपर्यंत कळवायचं होतं. ती माझ्याकडे बघायची आणि थांबायची. तिने राहावं असं मला वाटत होतं. "राहा" हा एक शब्द होता, आणि तो मी उद्यावर ढकलत होतो. तिचं मराठी तोडकंमोडकं, माझ्याशी ती बहुतेक हिंदीतच बोलते. त्या दिवशी मात्र प्रयत्न करून म्हणाली, "बाबा, आईची जागा रिकामी नको. तुम्ही चला. मग मी विचार करते."

म्हणून गेलो. सहलीचे पुढारी, चर्चमधले एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी जीपमध्ये मला मिठी मारली. "या वर्षी दीदीचं मराठी तुमच्या तोंडून ऐकायचं," ते म्हणाले. तीन दिवस प्रत्येक जण मला भरवत होता. माझं दुःख त्यांनी सहलीच्या कार्यक्रमात बसवलं होतं, नाश्ता आणि अंताक्षरी यांच्यामध्ये.

टेकडीवर ढग होते. माझी पाळी आली. मी एक स्तोत्र पाठ करून गेलो होतो. डोळे मिटले आणि स्तोत्राऐवजी हे बाहेर आलं:

"हे परमेश्वरा, ही माणसं तू कुठून गोळा केलीस? उन्हात टोप्या घालतात, ढग बघून रडतात, आणि माझ्या बायकोच्या मरणावर भाषणं करून लुच्या खातात. वीस वर्षं तिने स्वतःला यांना वाटून टाकलं. मला उरलीसुरली मिळाली. आणि ही मुलगी. आईचं तोंड घेतलं, डोकं नाही घेतलं. यांच्यातलीच एक झाली, टाळ्या वाजवणारी. आईची भाषासुद्धा सांभाळता आली नाही हिला. जायचं तिकडे जाऊ दे. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," चाळीस जण म्हणाले. म्हातारीने डोळे पुसले. दादा माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "अगदी दीदीसारखं." मला एक हलकेपणा आला होता, आणि त्या गाढवांकडे पाहून हसूही.

मुलगी आमेन म्हणाली नव्हती. उतरताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मांडीवरच्या पिशवीकडे बघत, एक एक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "बाबा, मला बोलायला नाही येत नीट. कळते सगळी. लहान होती तेव्हापासून कळते."

मी खिडकीची काच लावून घेतली.

"आई बोलायची तेव्हा मी पण हसायची, खाली बघून. आई तुम्हाला हसवायला बोलायची. तुम्ही कोणाला हसवत होते?"

"मला वाटलं, तुला समजणार नाही."

"हो ना," ती म्हणाली. "तेच तर."

पुढच्या सीटवरून दादा वळले आणि कौतुकाने म्हणाले, "बापलेकीचं किती गोड चाललंय!" त्यांनी आम्हाला एकेक संत्रं दिलं. मी ते सोललं. दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी गेस्टहाउसच्या पायऱ्यांवर बसून तिने बंगळूरला होकार कळवला. मी चार पायऱ्या वर उभा होतो. "राहा" म्हणायला तेव्हाही वेळ होता. पण ते म्हणताना आधीचं सगळं परत घ्यावं लागलं असतं, आणि ते खोटं बोललो होतो असं मला म्हणता येत नव्हतं. तिच्याबद्दलचं खोटं होतं. बाकीचं मला आजही खरं वाटतं.

नोव्हेंबरात ती गेली. विमानतळावर चर्चचे अकरा जण आले होते, डबे घेऊन. तिने सगळ्यांना मिठ्या मारल्या, मग मला, तितकाच वेळ.

बेहालाच्या घरात आता मी एकटा राहतो. मुलगी रविवारी दुपारी फोन करते आणि आम्ही पाच-सात मिनिटं बोलतो, हिंदीत.