पहिला चमचा

माल्सूनताई राग विसरत नाही. लोणचं मुरवावं तसा ती तो मुरवते. आमच्या बेटावरच्या होडीवाल्याने एकदा तिच्या भावाची चाकांची खुर्ची होडीत घ्यायला नकार दिला. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ताई त्याच्या होडीत बसलेली नाही. बाजाराला जायचं तर पुलावरून चार किलोमीटर चालत जाते. तो समोरून आला की नमस्कारही करते, पण असा की त्याने पुढचे दोन दिवस अंग चोरून चालावं.

हा भाऊ म्हणजे पिल्ग्यूदादा. जन्मापासून हातपाय त्याचं ऐकत नाहीत आणि जीभ अर्धवट ऐकते. आईवडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. नातेवाइकांनी त्याला डोंगरापलीकडच्या संस्थेत टाकलं. तिथे अकरा वर्षं त्याला दुपारी चारला रात्रीचं जेवण मिळायचं. एकच बाई एकच चमचा घेऊन सहा जणांना ओळीने भरवायची. ताई कमावती झाली आणि पहिलं काम तिने केलं ते त्याला घरी आणण्याचं. परत तिथे पाठवणार नाही, असा शब्दही दिला.

मी योंगरे, त्याची मदतनीस. सरकारकडून रोजचे पाच तास मंजूर होते. त्या वेळात मी दादाकडे, आणि ताई शेडमध्ये कालवं फोडायला. मदतनीस कोण असावी हे दादाने स्वतः ठरवलं होतं. आधीच्या तिघींना त्याने घालवलं. एक त्याच्याशी बाळासारखं बोलायची, हे तर मलाही सहन झालं नसतं. मला ठेवलं, कारण मी त्याच्याशी भांडते. सकाळी दहाला मी त्याला धक्क्यावर न्यायचं आणि त्याने येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांना शिव्या घालायच्या, हा आमचा नेम.

आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवत नाही. दादा घरातला मोठा. संस्थेतून आला त्या दिवसापासून ताई त्याच्या मुठीत चमचा देते, तो कसाबसा वीतभर उचलतो, मग सगळे जेवतात. तेवढंच त्याला जमतं. पुढचे घास भरवावे लागतात, आणि तेही परक्यासमोर तो घेत नाही. संस्थेतल्या त्या ओळीनंतर कधीच नाही.

आणि तिथेच घात झाला. मंजूर तासांची फेरतपासणी करायला थाक नावाचे साहेब आले, नेमके जेवणाच्या वेळी. नियमात बसत नाही म्हणाले, पण कालवांच्या सूपचा वास आला आणि नियम बाजूला राहिला. दादाने चमचा उचलला. साहेब जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला, सूपची तारीफ केली. दादा ताठ बसून पाहुणा उठायची वाट बघत राहिला. ताई बोलायला गेली तर त्याने डोळ्यांनीच दटावलं. पाहुण्यासमोर नको. तीही गप्प बसली, आणि त्याबद्दल ती स्वतःवर जितकी चिडली तितकी साहेबांवरही चिडली नसेल.

महिन्याने कागद आला. जेवण: स्वतःचं स्वतः. पाच तासांचे दीड झाले. दीड तासात शेडची एक पाळीही होत नाही. सोबत जोडलेल्या पत्रात त्याच संस्थेचा पत्ता होता, गरज वाटल्यास म्हणून. दादाने पत्र मला दोनदा वाचायला लावलं आणि त्या दिवशी धक्क्यावर कुणालाही शिवी दिली नाही.

मी म्हटलं, ताई, ऑफिसात जाऊन तमाशा करू. ती म्हणाली, नको, त्यांना परत जेवायला बोलावू. तिने हरकतीचा अर्ज भरला. आमच्या भागाला माणूस एकच, त्यामुळे पुन्हा तेच आले.

तोच वाफाळता भात, तीच मुळ्याची किमची, तेच सूप. साहेब या वेळी नियमाबद्दल काही बोललेसुद्धा नाहीत. ताईने चमचा दादाच्या मुठीत न देता नुसता समोर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. मीही बसले.

कुणी हललं नाही. साहेबांनी सूपकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, परत सूपकडे पाहिलं. मोठ्याच्या आधी चमचा उचलण्याइतके ते बेशरम नव्हते, आणि ताईला ते पक्कं माहीत होतं. वाफ थांबली. सूपवर तेलाची साय धरली. वीस मिनिटं झाली. मला इतका आनंद होत होता की सांगायची लाज वाटते.

"घ्या ना दादा," शेवटी साहेब म्हणाले.

"घेतील की," ताई म्हणाली. "स्वतःचं स्वतः जेवतात. तुम्हीच लिहिलंय."

"मागच्या वेळी त्यांनी चमचा उचलला होता. मी पाहिलं."

"त्यांनी उचलला म्हणून तुम्ही जेवलात, साहेब. तुम्ही उठेपर्यंत त्यांच्या तोंडात एक शीत गेलं नव्हतं. ते तुम्ही पाहिलं नाही, कारण तुमचं तोंड वाटीत होतं."

साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात दादा बोलला. त्याचं बोलणं परक्याला कळत नाही, पण हे कळलं.

"योंगरे, भरव. बघू दे त्याला."

मी चमचा घेतला. आधी सूप, मग भात, डाव्या गालात, हनुवटीखाली रुमाल. ठसका लागला की थांबायचं, पाठ चोळायची, परत सुरू. दादाने एकदाही साहेबांवरची नजर काढली नाही. साहेबांनी दोनदा मान खाली घातली आणि दोन्ही वेळा ताई म्हणाली, "वर बघा."

दादाने शेवटचा घास गिळला तेव्हा साहेबांना येऊन बरोबर दीड तास झाला होता. त्यांनी गार सूपकडे हात नेला. ताईने वाटी उचलली.

"वेळ संपला, साहेब. दीड तासात एकाचंच जेवण होतं."

ते उपाशी गेले. विसाव्या दिवशी पाच तासांचा कागद आला आणि दादा धक्क्यावर परत तोंड सोडून बोलू लागला.

परवा साहेब वार्षिक तपासणीला यायचे होते. दादाने विचारलं, या वेळी त्यांना सूप द्यायचं का. ताई कालवं धूत होती. मान वर न करता म्हणाली, "होडीवाल्याला नऊ वर्षं झाली. याचं आत्ता कुठे पहिलं."

दादा इतका हसला की मला त्याचा रुमाल बदलावा लागला.