कुंपणापलीकडचे तुरे

रेल्वेच्या चाळीत आमच्या आणि शेजारच्या अंगणामध्ये मेंदीचं कुंपण होतं, कमरेएवढं. त्या कुंपणाशी उभं राहून आमचे हे रोज सकाळी राखुंडीनं दात घासायचे. आधी या कामाला चार मिनिटं लागत. शेजारणीच्या अंगणात तुऱ्याचं गवत फुललं आणि अर्धा तास लागू लागला. एवढे दात माणसाला नसतात.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. हे लोणावळ्याच्या स्टेशनात तारबाबू होते. शेजारचे गार्ड होते. ते गाडीबरोबर गेले की दोन दोन दिवस घरी नसत. त्यांची बायको पुण्याच्या पेठेतली, माझ्याच वयाची. तिचं बोलणं असं स्वच्छ, की भाजीवालासुद्धा तिच्याशी घासाघीस करताना जपून बोलायचा. मी मावळातल्या टाकव्याची. लग्न झाल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या 'न्हाई'चं 'नाही' केलं. माझ्या तोंडून चुकून 'कुटं' निघालं की ह्यांच्या कपाळाला आठी पडायची.

ते गवत आलं एका शेटच्या बंगल्यातून. तिथला माळी आंदर मावळातला, माझ्या माहेरच्या ओळखीचा. बंगल्यातला जुना ठोंब फार पसरला म्हणून त्यानं तो फोडला आणि दोन तुकडे चाळीत आणले, एक मला, एक तिला. पावसाळ्यानंतर याला पुरुषभर उंच दांडे येतात आणि त्यांच्यावर पांढरेशुभ्र तुरे, असं त्यानं सांगितलं.

"बाय, ह्ये गवात लय चिवट हाय," तो म्हणाला, "पर ह्येचं पाय वल्ल्यात ठिवू नगंस."

मला हसू आलं. गवत मला शिकवतोय! चालता यायला लागल्यापासून मी गवत कापत आलेली, डोंगरावरून डोक्यावर भारा घेऊन उतरलेली. मी माझा ठोंब मोरीच्या पाण्यावर लावला, वर शेणाचं पाणी घातलं. शेजारणीला यातलं काही कळत नव्हतं. तिनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या मुरमाच्या ढिगावर खड्डा केला, तोही उलथन्यानं, आणि ठोंब त्यात खुपसून मोकळी झाली. ती तांब्याभर पाणी घालायची, तेही आठवण झाली तर.

पावसाळा सरला. माझ्या ठोंबाला हिरवीगार पात आली आणि मग मधूनच कुजायला लागली. अति तिथे माती म्हणतात, ती माती मी रोज सकाळी बघत होते. तिच्या ढिगावर चार तुरे डुलत होते.

"वहिनी, तुमच्या हाताला यश आहे हो," हे कुंपणावरून म्हणाले. मी आत भाकरी थापत होते. ती भाकरी जळली.

खरं सांगते, मला गवताचा सोस नव्हता. ह्यांनी एकदा, एकदाच, माझ्या अंगणाकडे तोंड करून उभं राहावं आणि 'व्वा' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्याऐवजी एके दिवशी हे तिच्याकडून एक तुरा मागून घेऊन आले आणि आमच्याच खोलीत पितळी गडूमध्ये उभा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, शेजारच्या वहिनींनी वाढवलाय. त्या तुऱ्याचा भुसा पडायचा आणि तो झाडायची मी.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. माझा ठोंब हाताच्या मुठीएवढा उरला होता. तिच्याकडे सहा तुरे आले. मी तिचा द्वेष करत होते, आणि ती मला सणाला पुरणपोळीचं ताट पाठवत होती. पोळी छान असायची, त्यामुळे आणखीच राग यायचा.

उन्हाळ्यात तिच्या बहिणीचं लग्न निघालं. पंधरा दिवसांसाठी पुण्याला जाताना तिनं अंगणाची जबाबदारी माझ्यावर सोपवली. "तुमच्या हाती देऊन जाते, म्हणजे मला काळजी नाही," असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेले आणि मी माहेरचा विळा काढला.

आधी वाटलं, आमच्याकडे भात पेरण्याआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात तसं पेटवून द्यावं. पण धूर दिसला असता. मग मी पदर खोचला, खाली बसले आणि मुठी भरभरून कापत सुटले. त्या पात्याला करवतीसारखी धार असते. हात चिरले, रक्त आलं, तरी थांबले नाही. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी हात आपल्या कामाला लागल्यासारखे वाटले. जमिनीलगत चार बोटं बुडखे ठेवले आणि भारा गवळ्याच्या म्हशींपुढे नेऊन टाकला. म्हशींनी तोंडही लावलं नाही.

गवत कापलं की पुन्हा येतं, हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हे बंगल्यातलं गवत. ते बंगलेवाल्यांसारखंच नाजूक असणार, एकदा पडलं की पडलं, असं मी धरून चालले होते.

ती परत आली आणि मुरमाचा ढीग बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुरं शिरली हो," मी म्हणाले. दोन्ही हात पदराखाली होते. हे मला म्हणाले, "तुला एवढं साधं राखता आलं नाही?"

पाऊस लागला आणि त्या बुडख्यांतून कोंब फुटले. थोडेथोडके नव्हेत, सुईला जागा नाही इतके. श्रावणात एका सकाळी माळी चाळीत आला. हे कुंपणाशीच होते, शेजारीणही अंगणात होती, मी भांडी घासत होते. गुरांची हकिगत तिनंच त्याला सांगितली. तो वाकला, पात बाजूला करून बुडखे न्याहाळले.

"गुरं लईच शानी दिसत्यात," तो म्हणाला. "समदं एका रेघंत खाल्लंय. वहिनी, ह्ये इळ्याचं काम हाय."

चाळीत विळा एकच होता. माझ्या हातातली राख तशीच राहिली.

"पर ज्यानं केलं त्यानं बेस केलं. सालातनं एकदा बुडापासनं कापाया लागतंय ह्येला, तवा जोर धरतंय. मी सांगायचंच इसरलो हुतो."

शेजारीण वळली. आता ही काय बोलते, असं मला झालं. ती कुंपणाशी आली आणि तिनं माझे राखेचे हात हातात घेतले. "तुम्ही कापलंत? आणि मी रडले तरी बोलला नाहीत! मला समजणार नाही, असंच वाटलं ना तुम्हाला? खरंच समजलं नसतं."

"मावळची आहे शेवटी," हे म्हणाले. "तुमच्या पुण्यात कुणाला जमणार हे!" दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते शब्द आले. ते बोलताना हे तिच्याकडे बघत होते, पण त्या वेळी मला तेवढंही पुरलं.

त्या वर्षी एकोणीस तुरे आले. मी खरं काय ते तिला कधीच सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच मला हाक मारली आणि मी तिच्यासमोर बसून गवत कापलं. ती शेजारी बसून माझ्या हातांना खोबरेल लावत होती.

त्यानंतर वर्षभरात गार्डसाहेबांची बदली पुण्याला झाली. जाताना ती म्हणाली, "हे गवत आता तुमचंच." माळ्यानं ठोंब माझ्या अंगणात हलवला. या वेळी मी त्याचं ऐकलं, मुरमाचा उंचवटा केला, वेळेवर कापलं, पाणी बेतानं घातलं. मोरीकडे वळूनही पाहू दिलं नाही त्याला.

आश्विनात तुरे आले. मी मोजले, तेवीस. कोवळ्या उन्हात असे चमकत होते की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. हे पायरीवर बसून दात घासत होते, गवताकडे पाठ करून. चार मिनिटांत चूळही भरली.

"अहो, बघा तरी," मी म्हणाले. "तेवीस आलेत."

ह्यांनी मान वळवली, बघितलं. "हं," म्हणाले. मग टॉवेलनं तोंड पुसत विचारलं, "पुण्याहून काही पत्र?"

"नाही," मी म्हणाले. न्हाई नव्हे, नाही.

हे ड्यूटीवर गेले. गवत कापायचे ते दिवस नव्हते. मी विळा काढला.