शिक्षा पूर्ण झाली

माझी मुलगी जर्मनीत शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि तिथल्या परदेशी लोकांच्या कार्यालयानं तिला पत्र पाठवून विचारलं, की तुम्ही कुठल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगली याचा खुलासा करा. हे सगळं माझ्या एका शब्दामुळे झालं. आता हे ऐकून लोक पोट धरून हसतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हसा, हसा, तुमचं काय जातंय!

पण आधी नीट सांगते. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, पुढच्यांनी तलवारी सोडून कारकुनी धरली. मीही राज्य सरकारच्या एका दफ्तरात बाबू आहे आणि थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. ऑफिसात दिवसभर हिंदी, घरी आले की मराठी. म्हणजे आम्ही ज्याला मराठी म्हणतो ती. तिच्यात हिंदी इतकी मुरली आहे की कुठला शब्द कुठून आला हे विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

मुलीचं शिक्षण संपलं तेव्हा तिला नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळाला. मला वाटलं, दीड वर्ष म्हणजे केवढा वेळ! मंडळाच्या गणपतीत बायकांनी विचारलं, "लागली का नोकरी?" मी म्हटलं, "लागेलच की, तिथं इंजिनिअर कमीच आहेत." पुढच्या गणपतीत त्याच बायकांनी तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. फक्त आता आरती संपायच्या आधी प्रसाद घेऊन निघायला लागले.

तिकडे ती कॅफेत ट्रे उचलत होती आणि उरलेल्या वेळात अर्ज करत होती. मेल आली की पहिल्या दोन ओळींत 'लायडर' आहे का ते बघायचं, असं तिनं मला शिकवलं होतं. लायडर म्हणजे दुर्दैवानं. तो शब्द दिसला की पुढचं वाचायचं नाही. मला जर्मन भाषेतला तेवढा एकच शब्द येतो.

परवान्याचे तीन महिने उरले तेव्हा मी कंबर कसली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फाइली चाळण्यात गेली, आपल्या मुलीची फाइल आपल्याला जमणार नाही का? पाटणकर बाजारात साड्यांच्या दुकानाच्या वर एक व्हिसाचा सल्लागार बसतो, त्याच्याकडे गेले. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "मैडम, ऑप्शन तो बहुत हैं." मग सांगत बसला. आणखी एखादा कोर्स करायचा, म्हणजे पुन्हा विद्यार्थी. नाहीतर भाषेचा वर्ग लावायचा, पण मग काम करायला बंधनं. नाहीतर एक कार्ड आहे, वय, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून देतात, त्यावर आणखी एक वर्ष राहून नोकरी शोधता येते. "और एक शादी वाला भी है," असं म्हणून हसला. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. मेला!

कार्डाचं मात्र डोक्यात बसलं. अर्ज मुदतीच्या आत गेला तर निकाल लागेपर्यंत जुनाच परवाना चालू धरतात, हेही मी शोधून काढलं. मुलीला रोज फोन करून सांगायची, हा कागद काढ, तो कागद काढ. ती म्हणायची, "आई, टेंशन नको घेऊस, हो जाएगा." मला तिचा राग यायचा. माझाच जीव टांगणीला, आणि हिचं आपलं हो जाएगा!

तिच्याजवळच्या पैशात वर्ष निघत नव्हतं, म्हणून आणखी एक कागद लागला. कमी पडेल तो खर्च घरचे करतील, असं आईवडिलांचं पत्र. हे म्हणाले, "हिंदीत लिहून टाक, दहा मिनिटांचं काम." हे म्हणजे माझे यजमान. त्यांना सगळीच कामं दहा मिनिटांची वाटतात. मी म्हटलं, छे! आईचं पत्र आहे, ते आईच्या भाषेतच जाईल. पाच पिढ्या इथं काढल्या म्हणून काय मराठी विसरलो? खरं म्हणजे पुण्याच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं थोडंसं. ते फोनवर आमचं बोलणं ऐकून गालात हसतात, ते काय मला कळत नाही?

तर मी मोठ्या झोकात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: माझ्या मुलीने जर्मनीत आपली शिक्षा पूर्ण केली असून ती आता नोकरीच्या शोधात आहे, तोवर तिला काही कमी पडल्यास आम्ही बघू. ह्यांनी वाचलं, छान म्हणाले. मुलीनं वाचलं, तिलाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? आमच्या घरात शिक्षा म्हणजे शिक्षणच. "मुलांच्या शिक्षेकडे लक्ष दे" असं माझे सासरे सांगायचे, आणि आम्ही मुलांच्या वह्या तपासायचो.

पत्र गेलं पुण्याच्या एका अधिकृत अनुवादकाकडे, मराठीचं थेट जर्मन करून शिक्का मारून देतात म्हणून. शिक्क्याचा कागद तिला कामावर असताना मिळाला. मुदतीला चार दिवस होते, तिनं न वाचता अर्जाला जोडून दिला.

दोन आठवड्यांनी ते खुलाशाचं पत्र आलं. मुलीनं मला फोनवर वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच हो जाएगा म्हणाली नाही. "आई, तू असं काय लिहिलंस गं?" मी म्हटलं, मी कुठं काय लिहिलं? मग तिनं त्या भाषांतराचं पुन्हा मराठी करून सांगितलं. माझ्या मुलीने जर्मनीत आपली सजा भोगून पूर्ण केली आहे. दहा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल.

माझं डोकंच फिरलं. लगेच पुण्याला फोन लावला.

"अहो, शिक्षा म्हणजे शिक्षण!"

"बाई," पलीकडून अगदी शांत आवाज, "मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षाच."

"आमच्याकडे तसं नाही म्हणत."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"ग्वाल्हेरला."

"अच्छा. मग बरोबर आहे."

त्या 'मग बरोबर आहे'नं मला जे झोंबलं, ते काय सांगू! मी म्हटलं, "अहो, पण माणसानं विचार करावा की नाही? कुठली आई सरकारला लिहून देईल की माझ्या मुलीनं शिक्षा भोगली?"

"मलाही आश्चर्य वाटलं होतं," ते म्हणाले.

"मग फोन करायचा ना!"

"मी प्रमाणित भाषांतर करतो, बाई. मजकुरात बदल करायचा मला अधिकार नाही. शब्द तुमचा, शिक्का माझा."

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर मीही तीस वर्षं खिडकीतून हेच सांगत आलेय. आपने जो लिखा है, वही चढ़ेगा. अर्ज हाताळून हाताळून चुरगळलेला, समोर माणूस हात जोडून उभा, आणि मी आपली नियमावर बोट ठेवून. ऑफिसात त्या दिवशी माझ्याकडून कुणाच्याच फाइलीवर त्रुटी लिहिली गेली नाही. साहेबांनी विचारलंसुद्धा, तबीयत ठीक आहे ना म्हणून.

नवं पत्र लिहायला बसले तर हात चालेना. एकेका शब्दापाशी अडायला लागलं. हा आपला की हिंदीतला? शब्दकोश काढला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला सगळेच आपले वाटतात." चार ओळींच्या पत्राला दोन दिवस लागले. खुलाशावर नोटरीचा शिक्काही हवा होता, म्हणून नोटरीकडे गेले, तर तो कागद उलटासुलटा करून म्हणतो, "ये हिंदी तो नहीं है, मैडम." मी म्हटलं, मराठी आहे. "तो हिंदी में ले आइए." अरे, पण हिंदीत आणलं तर पुन्हा भाषांतर बदलणार, आणि हिंदीत लिहिलं असतं तर तो शब्द पहिल्यापासून बरोबरच होता! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. शेवटी तिसऱ्या नोटरीनं सही ओळखीची आहे म्हणून शिक्का मारला. दहा दिवसांतले सात दिवस तिथंच गेले.

भाषांतर होऊन खुलासा पोचला. मग वाट बघणं सुरू झालं. जुना परवाना केव्हाच संपला होता, अर्जाची पोच दाखवून ती राहत होती. कॅफेचा मालक म्हणे दर महिन्याला तो कागद मागून बघायचा.

मला मात्र त्या दिवसांत एक खोडच लागली. घरात कुणी काही बोललं की मी शब्द पकडायची. हे म्हणाले "आज बाजार जाणं मुश्किल आहे," की मी म्हणायची, अवघड आहे. "कोशिश करतो." प्रयत्न करतो. ह्यांनी शेवटी माझ्याशी बोलणंच कमी केलं. फोनवर मुलीचंही तसंच. ती परेशान म्हणाली की मी हैराण म्हणायची, आणि हैराण तरी कुठला शब्द म्हणून कोश उघडायची. पुन्हा कुणी मला फोनवर 'मग बरोबर आहे' म्हणता कामा नये, बस.

एका रविवारी दुपारी फोन लावला, तिच्याकडे सकाळ होती. कार्ड नाकारलं तर पुढं काय, याची मी यादी करून ठेवली होती. ती वाचून दाखवत होते. नाकारलं तर अपील करता येतं. नाहीतर तो भाषेचा वर्ग. नाहीतर शेजारच्या देशात बघायचं, तिथंही शिकलेल्यांना नोकरी शोधायला परवाना देतात. ती नुसतं हं हं करत होती. माझं वाचून झालं, तेव्हा म्हणाली, "आई, मी वापस येऊ का?"

"वापस नाही गं," मी म्हटलं. "परत. परत येऊ का, असं म्हणावं."

"परत," ती म्हणाली.

"हां, आता कसं!"

"चल, ठेवते," म्हणाली, "मला निघायचंय."

मी चष्मा काढून यादीची घडी घातली. शेजारी बसलेले हे माझ्याकडे बघत होते. "काय झालं?" मी विचारलं. म्हणाले, "तिनं तुला काय विचारलं, आणि तू काय सांगितलंस!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लगेच फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. संध्याकाळी मेसेज आला, कामावर आहे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काल काय म्हणत होतीस गं?" ती म्हणाली, "काही नाही, असंच." आणि आता लपवायचं कशाला, मला बरं वाटलं. ती खरंच आली असती तर गणपतीत काय सांगायचं, हे माझ्या मनात आलं होतं. आईच्या मनात आलं होतं.

महिन्याभरानं कार्ड मिळालं. मी ऑफिसात पेढे वाटले, मंडळातल्या बायकांना मुद्दाम घरी जाऊन दिले. तिनं फोन केला तेव्हा म्हणाली, "आई, मला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली." मुदतवाढ! आमच्या सात पिढ्यांत कुणी हा शब्द उच्चारला नसेल. मी कौतुकानं ह्यांना सांगितलं, तर ते उठून आत गेले.

तेव्हापासून ती माझ्याशी अशीच बोलते. प्रयत्न करतेय. जरा अवघड आहे. काळजी करू नकोस. एकही शब्द इकडचा तिकडं नाही, पुण्याच्या त्या माणसालासुद्धा बोट ठेवायला जागा सापडणार नाही. बोलणं पाच मिनिटांत संपतं. बापाशी मात्र अर्धा अर्धा तास हिंदीत खिदळते, मला आतल्या खोलीत ऐकू येतं.

वर्षातले पाच महिने गेलेत, नोकरी अजून नाही. मी यादी फाडून टाकली आहे. आता ती नुसतं 'वापस' म्हणाली ना, तर मी एकच शब्द बोलेन, ये. पण ती म्हणत नाही.